गाडी सुटण्याआधी

जूनच्या मध्यावर एखाद्या रविवारी दुपारी मंचेरियल स्टेशनच्या फलाटावर उभे राहिलात, तर आपल्या मंडळीतलं एखादं कुटुंब हमखास भेटतं. सकाळची उपासना आटोपून, घरी दोन घास खाऊन ते तसेच स्टेशनवर आलेले असतात. सोबत लोखंडी पेटी, गादीची वळकटी आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. वडिलांची सिंगरेणीच्या कोळसा खाणीत दुपारची पाळी असेल तर ते नसतात. आई आणि धाकटं भावंड असतं. मुलगा काझीपेटकडे, हैदराबादच्या दिशेनं निघालेला असतो, नाहीतर बल्लारशावरून पुढे नागपूरला. गाडी जेमतेम थांबते. पेटी आत ढकलायची, खिडकीतून हात हलवायचा, एवढ्यात ती सुटते.

पुढच्या रविवारी तरुण संघाच्या बैठकीत कीबोर्ड झाकलेलाच राहतो.

तरुण संघाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातली बहुतेक वर्षं हा जूनमधला रविवार मी संकट म्हणूनच काढला. आता गाणी कोण उचलणार, हजेरीची वही कुणाकडे द्यायची, आजारी माणसांच्या घरी प्रार्थनेला कोण जाणार, या चिंतेत जुलै उलटायचा. सप्टेंबरपर्यंत कशीबशी घडी बसायची आणि पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा विस्कटायची. माझी चूक मला उशिरा कळली. मुलांचं जाणं जूनमध्ये सुरू होतं असं मी धरून चाललो होतो. खरं तर ते नववीतच सुरू झालेलं असतं. त्यांच्या जाण्याला जागा देऊन आपलं काम बेतायचं असतं, आणि ते मी केलंच नव्हतं.

हा लेख त्या बेतण्याविषयी आहे. मंचेरियल, बेल्लमपल्ली, आदिलाबाद, राजुरा, बल्लारपूर या पट्ट्यात तरुण संघ चालवणाऱ्या दादा-ताईंसाठी, पाळकांसाठी आणि जूनमध्ये फलाटावर उभं राहावं लागणाऱ्या आईवडिलांसाठी.

सुरुवात एका वहीनं करा. संघातल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो केव्हा आणि कुठे जाण्याची शक्यता आहे ते लिहा. आपल्याकडे हे लिहायला बसलं की पहिलाच धक्का बसतो. मोठ्या शहरातल्या चर्चेसमध्ये तरुण संघ म्हणजे कॉलेजातली मुलं, वय अठरा ते पंचवीस, असं चित्र असतं आणि आपणही तेच डोळ्यांपुढे ठेवून काम आखतो. मंचेरियलमध्ये मात्र पहिलं दार दहावीलाच उघडतं. निकाल लागला की किती तरी मुलं इंटरसाठी हैदराबाद, वरंगल, करीमनगरच्या होस्टेलच्या कॉलेजांत जातात. बासरचं आयआयआयटी २००८ साली सुरू झालं. तिथे दहावीच्या गुणांवरच प्रवेश मिळतो आणि अभ्यासक्रम सहा वर्षांचा असतो. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी एकदा गेली की पदवी घेऊनच बाहेर पडते. दुसरं दार इंटरनंतरचं: कुणी इंजिनिअरिंगला, कुणी नर्सिंगला, कुणी पदवीला. ज्यांच्या घरात मराठी बोलतात आणि ज्यांचे मामा-काका चंद्रपूर-नागपूरकडे आहेत, त्यांची मुलं याच सुमाराला उत्तरेकडे वळतात. तिसरं दार पदवीनंतर, नोकरीचं. मुलींसाठी आणखी एक दार असतं, ते लग्नाचं. ते आपण मोजतच नाही. लग्न होऊन आसिफाबादला किंवा गडचिरोलीकडे गेलेली मुलगीही आपल्या संघातून बाहेर पडलेलीच असते, पण तिला निरोप नवरीचा मिळतो. पाच वर्षं शब्बाथशाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेचा नाही.

वही भरली की एक गोष्ट आपोआप ठरते. अठरा पूर्ण झाल्यावर जबाबदारी देऊ असं म्हणत बसलात तर ती द्यायला माणूसच उरणार नाही. आठवी-नववीतच हाताला काम द्यावं लागेल. मोठ्यांना हे पचत नाही. लहान आहेत, गोंधळ घालतील, असं म्हणतात. घालतीलच. पण तो गोंधळ आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या माणसांत घातलेला बरा.

प्रेषितांच्या कृत्यांतला अंत्युखियाच्या मंडळीचा प्रसंग आपण सुवार्ताप्रसाराच्या सभांत नेहमी ऐकतो. तरुण संघाच्या कमिटीत मात्र तो कुणी काढत नाही, आणि माझ्या मते त्याची खरी जागा तिथेच आहे. त्या मंडळीत शिकवणारे पाच जण होते, पाचही नावांनिशी दिलेले. बर्णबा आणि शौल त्यातले दोन, आणि मंडळी उभी करताना त्यांनीच वर्षभर राबून शिकवलेलं. मंडळीनं उपास केला, प्रार्थना केली, त्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवले आणि त्यांना पाठवून दिलं. पाचांतले दोन! आपल्याकडे कीबोर्ड वाजवणारा एक मुलगा गेला तरी आपण वर्षभर हळहळतो. तिथे दोघांना पाठवायचं ठरल्यावर उरलेले तिघे होते, आणि ते आधीपासून शिकवत होते. माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट या एका तपशिलात आहे. पाठवणं त्यांना परवडलं, कारण शिकवण्याचं काम दोघांच्याच हाती नव्हतं.

आपल्या भागातही याचं उदाहरण आहे. सायरो-मलबार चर्चचं चांदा मिशन १९६२ साली सुरू झालं, चंद्रपूरच्या बाजूनं. त्याचं काम वाढत तेलंगणच्या बाजूला पसरलं आणि १९९९ मध्ये आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला. मंचेरियल त्यातच येतं. वाढलेला भाग आपल्यापासून सुटा करून त्याला स्वतःचं घर देणं चांद्याच्या धर्मप्रांताला जमलं. एवढा मोठा भाग वेगळा होऊ शकतो, तर बारावी झालेल्या चार मुलांना आनंदानं सोडणं आपल्याला अवघड का जावं?

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ जोड्या लावण्यानं मिळालं. दसऱ्याची सुट्टी संपली की संघातल्या प्रत्येक कामाला दोन नावं द्यायची. एक करणाऱ्याचं, एक शिकणाऱ्याचं. कीबोर्ड, तबला, पडद्यावर गाण्यांचे शब्द दाखवणं, हजेरी, वर्गणीचा हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी, कॉटेज प्रेयरचं घर ठरवणं, खुर्च्या मांडणंसुद्धा. शिकणारा दोन वर्षांनी तरी लहान हवा. बरोबरीचा घेतलात तर दोघेही एकाच गाडीनं जातात. हे मी करून बसलेलो आहे: दोन जिवलग मित्रांची जोडी लावली, दोघांना एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला आणि हिशेबाची वही पुन्हा माझ्या पिशवीत आली.

नोव्हेंबरपर्यंत मोठा करतो आणि लहान पाहतो. डिसेंबरात उलटं करायचं. आपल्याकडे महिनाभर सेमी ख्रिसमसचे कार्यक्रम चालतात, आज या वस्तीत तर उद्या त्या कॉलनीत. त्यातला एक संपूर्ण कार्यक्रम आठवी ते दहावीच्या मुलांवर सोपवा. मोठ्यांनी मागच्या ओळीत बसायचं आणि हाक मारल्याशिवाय उठायचं नाही. गाणं चुकीच्या पट्टीत सुरू होईल, मधेच माइक बंद पडेल, प्रार्थनेला उभी राहिलेली मुलगी दोन वाक्यांत आमेन म्हणून खाली बसेल. बसू द्या. नेमक्या त्या क्षणी पुढे धावून जाऊन सावरून घेण्याचा मोह आपल्याला होतो, आणि तो आवरणं हेच त्या संध्याकाळचं आपलं काम. कार्यक्रमानंतर चहा घेताना त्यांनाच विचारा, पुढच्या वेळी काय वेगळं कराल. त्यांची उत्तरं आपल्या सूचनांपेक्षा पुष्कळदा नेमकी असतात.

जानेवारी संपला की दहावीच्या आणि इंटरच्या मुलांची नावं सगळ्या कामांतून काढा. अगदी काढाच, जमलं तर ये, असं म्हणून ठेवू नका. सकाळच्या उपासनेला येऊन बसावं, एवढंच. पुष्कळ आईवडील तरुण संघाला अभ्यासाचा शत्रू समजतात आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण परीक्षा तोंडावर असताना आम्ही त्यांच्या मुलांना तालमीला बोलावलेलं असतं. आपण होऊन मुलं मोकळी केलीत की हेच आईवडील मे महिन्यात त्यांना स्वतःहून पाठवतात. आणि फेब्रुवारीतच तुमची परीक्षा होते. मोठी मुलं नाहीत, काम लहानांवर आहे, पण अडलं तर मोठे याच गावात आहेत. जूनमध्ये येणारी पोकळी आधीच, सुरक्षितपणे अनुभवून घ्यायची ही संधी असते.

मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबलशाळा. आपल्याकडचा उन्हाळा पाहता सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत मुलांना घरी सोडावंच लागतं. परीक्षा झालेली, निकालाची धाकधूक असलेली, हातात वेळ असलेली मुलं या दहा दिवसांत असतात आणि हीच त्यांची आपल्याबरोबरची शेवटची मोठी सेवा. प्रत्येक वर्गावर जाणाऱ्यांपैकी एक आणि आठवीतला एक असे नेमा. धड्याची वही, चित्रं, खेळांची यादी, सगळं शेवटच्या दिवशी त्या आठवीतल्या मुलाच्या हाती राहिलं पाहिजे. जाणारा ते घेऊन गेला किंवा कपाटात कोंबून गेला तर पुढच्या मेमध्ये आपण पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. चौदा वर्षांची मुलं आणि पंचविशीतले नोकरदार एकाच संघात, एकाच खोलीत, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असणं हे लहान मंडळीत सोयीचं असतं, पण ते तसंच चालू ठेवू नका. अठराच्या आतल्या मुलामुलींचा गट वेगळा करा. त्या गटाबरोबर नेहमी दोन मोठी माणसं असावीत, त्यातली एक स्त्री. एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन कुणी एकट्या मोठ्यानं बंद खोलीत बसू नये, रात्री उशिरा खासगी मेसेज करू नयेत, प्रवासाला आईवडिलांची लेखी संमती असावी. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. तो चर्चच्या आवारातही तितकाच लागू आहे आणि लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळल्यावर ते झाकून ठेवणं हाही त्यात गुन्हा आहे. नव्यानं जोड्या लावतो तेव्हा मोठ्यांची आणि लहानांची जवळीक वाढते. म्हणून हे नियम आधी घालायचे, जोड्या नंतर लावायच्या.

काही कामं बंद करावी लागतात, आणि बदलातली ही सर्वांत दुखरी बाजू. प्रत्येक संघात एखादी गोष्ट अशी असते जी एका विशिष्ट तुकडीनं जीव ओतून उभी केलेली असते. कुणाची पथनाट्यं, कुणाची शुक्रवारची जागरण प्रार्थना, कुणाचं हस्तलिखित. ती तुकडी जाते आणि मागे उरलेल्या मुलांवर ती गोष्ट अंगाला न होणाऱ्या सदऱ्यासारखी लटकते. मुलं ओढूनताणून ती चालवतात, कारण बंद केली तर दादा-ताईंचा अपमान होईल असं त्यांना वाटतं. अशा वेळी मोठ्यांनीच पुढाकार घ्यावा. ज्यांनी ती सुरू केली त्यांना फोन करावा, विचारावं, आणि एका रविवारी देवाचे आभार मानून ती थांबवावी. गुपचूप मरू देऊ नये. थांबवल्यावर रिकामी झालेली वेळ लगेच भरूही नये; दोन-तीन महिने थांबून उरलेल्या मुलांना काय सुचतं ते पाहावं.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवायला माझ्याकडे एकच परीक्षा आहे. दोन वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या मुलांना विचारा की तिथे गेल्यावर इथलं काय उपयोगी पडलं. मी विचारलं तेव्हा ज्या कार्यक्रमांवर आम्ही सर्वाधिक खर्च केला त्यांचा उल्लेख क्वचितच आला. वारंवार आलं ते असं: स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकवलंत ते. बायबलमधला उतारा एकट्यानं कसा वाचायचा ते. गणितात नापास झाले तेव्हा एक काकू डबा घेऊन घरी आल्या होत्या ते. या उत्तरांवर आम्ही पुढच्या वर्षाचा आराखडा बेतला. शिबिर एक दिवसाचं केलं आणि वाचलेल्या पैशांतून होस्टेलला जाणाऱ्या प्रत्येकासाठी बायबल आणि पहिल्या तीन महिन्यांचं चर्चला जायचं बसभाडं ठेवलं.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे आहेच. मंचेरियलमधली उपासना तेलुगूत चालते. मराठी घरातलं मूल शब्बाथशाळेपासून तेलुगू गाणी गातं, तेलुगू बायबल वाचतं, घरी आजीबरोबर मराठीत प्रार्थना करतं. असं मूल नागपूरला गेलं की पहिल्याच रविवारी त्याला परकं वाटतं. ‘उपासना संगीत’ हे गाण्यांचं पुस्तक हातात येतं, पण चाली अनोळखी. आपण सगळे मिळून म्हणतो ती प्रभूची प्रार्थना त्याला तेलुगूत तोंडपाठ असते आणि मराठीत तो अडखळतो. उलट दिशेनंही तसंच, राजुऱ्याचं मूल हैदराबादला गेलं तर. म्हणून जाण्याआधीच्या वर्षात प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार आणि पाचसहा गाणी दोन्ही भाषांत पक्की करून घ्या. तेलुगूत वंदनालु म्हणणाऱ्याला मराठीत सलाम म्हणता आलं पाहिजे. हे काम घरातल्या आजी-आजोबांवर सोपवा. त्यांना मान मिळतो, मुलांना भाषा मिळते, आणि संघाच्या बैठकीत एरवी कधी न दिसणारी ही माणसं त्या निमित्तानं तिथे येऊन बसतात.

पाठवणीचा रविवार मेच्या अखेरीस ठेवा, आणि तो मुख्य उपासनेत ठेवा. तरुण संघाच्या खोलीत केक कापून, फोटो काढून उरकलेला निरोप हा मित्रांचा निरोप झाला. मंडळीनं पाठवायचं तर मंडळी समोर हवी. जाणाऱ्यांना आईवडिलांसह पुढे बोलवा, कोण कुठे चाललं आहे ते नावासकट सांगा आणि वडीलधाऱ्यांनी हात ठेवून प्रार्थना करावी. गुण मात्र वाचून दाखवू नका. निकालानंतर गावभर कॉलेजांचे फ्लेक्स लागलेले असतात, रँक आणि फोटोंचे. निदान चर्चमध्ये तरी मुलांनी त्या यादीबाहेर श्वास घ्यावा. त्या ओळीत आयटीआयला जाणारा, सिंगरेणीत कामाला लागलेला, पुरवणी परीक्षेला बसणारा आणि लग्न ठरलेली मुलगी, सगळे उभे राहिले पाहिजेत. जो गाव सोडत नाही त्यालाही त्या दिवशी काहीतरी सोपवा. मुलं गाव सोडू लागली की मागे राहिलेल्यांच्या मनात आपण मागे पडलो अशी बोच बसते, आणि बाहेर गेलेल्यांचं कौतुक आपण जितकं मोठ्यानं करतो तितकी ती खोल जाते. रात्रपाळी करून सकाळी उपासनेला येणारा बावीस वर्षांचा मुलगा दहावीच्या मुलांसाठी कुठल्याही पाहुण्या वक्त्यापेक्षा मोठा धडा असतो. त्याच्या पाळ्या पाहून बैठकीची वेळ बदलावी लागली तर बदला.

आता पोहोचण्याबद्दल. पाळकांचं शिफारसपत्र प्रत्येकाच्या हाती असावं, पण पत्रावर थांबू नका. ते पेटीच्या तळाशीच राहतं. मुलाच्या प्रवेशासाठी वडील किंवा आई जाणारच असतात. त्याच फेरीत होस्टेलजवळचं चर्च प्रत्यक्ष पाहून यायचं, तिथल्या पाळकांना मुलाला भेटवायचं आणि एका कुटुंबाची ओळख करून घ्यायची. कोणती बस, किती पैसे, किती वेळ, हेही पाहून यायचं. काही होस्टेलांत रविवारीही वर्ग किंवा टेस्ट असतात आणि बाहेर सोडत नाहीत. हे आधी विचारा. सोडत नसतील तर मुलाला सांगा की खोलीत बसून केलेली प्रार्थनाही उपासनाच आहे, नाहीतर ते उगीच अपराधी मनानं आपल्यापासून तुटतं. कॉलेजांमध्ये यूईएसआयचे विद्यार्थी गट असतात. ही संघटना १९५४ पासून विद्यार्थ्यांमध्ये काम करते आणि शिक्षण संपलेल्यांसाठी तिची पदवीधरांची वेगळी शाखा आहे. विद्यार्थी पदवीधर होणारच हे धरून सुरुवात करणारी रचना कशी असते ते पाहायचं असेल तर तिच्याकडे पाहा. कॅथलिक मुलांना तिथल्या धर्मग्रामाचा युवक गट सापडतो. धर्मगुरूंनी एक फोन केला तर लवकर सापडतो.

मग महिन्यातून एक फोन. मुलाला पुरुषानं, मुलीला स्त्रीनं, आणि नेहमी त्याच व्यक्तीनं. फोनवर पहिला प्रश्न चर्चला गेलास का, हा नको. जेवण कसं आहे, खोलीत कोण आहे, झोप होते का. चर्चचं ते स्वतः सांगेल. न सांगितलं तर तेही आपल्याला काहीतरी सांगणंच असतं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून जाणाऱ्यांना काढा आणि माजी सदस्यांचा वेगळा ग्रुप करा. हे ऐकायला कठोर वाटतं. पण जुन्या ग्रुपमध्ये दूरवरून सूचना देणारे दादा असले की इथली नवी मुलं कधीच स्वतःचा निर्णय घेत नाहीत, आणि तिथल्या मुलाचं मन नव्या मंडळीत रुजत नाही.

मंचेरियलला मुलं येतातही, हे आपण विसरतो. २०१६ मध्ये जिल्हा झाला, कार्यालयं आली. जिल्ह्यातल्याच जयपूरला सिंगरेणीचं वीजकेंद्र उभं राहिलं. २०२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुणाचं तरी मूल खम्मम किंवा महबूबनगरच्या फलाटावर निरोप घेऊन इथे उतरतं आणि आपल्या मागच्या बाकावर येऊन बसतं. त्याच्या आईला तिकडे हीच काळजी असते. जून-जुलैत संघातल्या दोघांना फक्त एवढंच काम द्या: उपासनेनंतर दाराशी उभं राहून नवा चेहरा ओळखायचा आणि त्याला कुणाच्या तरी घरी जेवायला न्यायचं. आपल्या मुलांसाठी परगावात जे मागतो ते इथे द्यायला लागलो की पाठवण्याचा अर्थ मुलांना भाषणाशिवाय कळतो.

आणि तरुण संघ चालवणाऱ्या आपल्याबद्दल. मुलं दर दोन वर्षांनी बदलतात आणि आपण पंधरा-पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर असतो, आपला बदल कुणाच्याही वहीत नसतो. खुर्ची कशी सोडावी याचं एक उदाहरण जवळच आहे. काझीपेटवरून पुढे वरंगल सोडलं की काही वेळानं डोर्नकल येतं. तिथले बिशप वेदनायगम सॅम्युएल अझराया १८९५ पासून दक्षिण भारतात वायएमसीएचे सचिव होते, म्हणजे आपल्यासारखेच तरुणांमध्ये काम करणारे. १९०३ साली तिरुनेलवेलीत इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं. तमिळ मंडळ्यांनी तेलुगू मुलखात माणसं पाठवायची म्हणून. १९०९ मध्ये पस्तिशीत त्यांनी ते सचिवपद सोडलं आणि दुसऱ्यांना पाठवणारा माणूस स्वतःच निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलला आला. १९१२ मध्ये ते भारतातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले, पण मला त्यातली आधीची पायरी अधिक महत्त्वाची वाटते. ज्या कामात हातखंडा होता ते चालतं काम त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिलं.

तुमचीही मुदत ठरवा. तीन वर्षं, फार तर चार, आणि ती पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगा. तुमच्या जागी येणाऱ्याची जोडीही दसऱ्यानंतर लावा. पायउतार झाल्यावर एक वर्ष तरी संघाच्या बैठकीला जाऊ नका, मंडळीतलं दुसरं काम घ्या. मी गेलो नाही. पहिले काही रविवार अवघड गेले. खिडकीतून गाण्याचा आवाज यायचा आणि ताल चुकला की पाय तिकडे वळायचे. मग मी शब्बाथशाळेतल्या बालवर्गात जाऊन बसायला लागलो.

जूननंतर मुलं पहिल्यांदा घरी येतात ती दसऱ्याच्या सुट्टीत. त्या रविवारी काय करायचं हे आधी ठरवून ठेवा, कारण सवयीनं कुणीतरी त्या मुलाला कीबोर्डकडे ढकलतंच आणि तीन महिने घाम गाळून शिकलेली नववीतली मुलगी उठून बाजूला होते. तिला उठू देऊ नका. बर्णबा आणि पौल, म्हणजे तोच शौल, अंत्युखियाला परतले तेव्हा त्यांनी मंडळीला जमवलं आणि बाहेर काय घडलं ते सांगितलं. आपल्या पाहुण्यालाही तेच काम द्या. पाच मिनिटं उभं राहून सांगू दे: तिथलं चर्च कसं आहे, एकटं वाटलं तेव्हा काय केलं, कुणी घरी जेवायला नेलं. नव्या मंडळीतलं एखादं गाणं शिकून आला असेल तर ते शिकवू दे. चाल तो एकदा म्हणून दाखवेल, ती नववीतली मुलगी कीबोर्डवर सूर शोधेल, दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा तिला सापडेल.